ऐकू न यावं म्हणून पैसे मोजणारे

अहो, ऐकलं का? की तुम्हीही कानात बोळे घालून बसलात? रिसोडात सध्या हेच चाललंय. पूर्वी कुणाला कमी ऐकू यायला लागलं की घरचे त्याला वाशीमला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचे. आताची पोट्टी कमी ऐकू यावं म्हणून हेडफोनला हजारो रुपये मोजतात आणि वर मिरवतात, "बाहेरचं कायबी ऐकू येत नाही बे!" घरातलं तर यांना आधीच ऐकू येत नव्हतं. शिव शिव!

एवढ्यावर थांबलं असतं तर कोण कशाला बोलतंय? पण भानगड पुढेच आहे. पारावरची ताजी बातमी अशी, की गावातले काही शौकीन हेडफोन नुसते 'ऐकून बघायला' थेट मुंबईला जातात म्हणे. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, ऑडिओचं प्रदर्शन गाठायचं, दिवसभर हेडफोन डोक्यावर चढवायचे आणि उतरवायचे, आणि रिकाम्या हाताने परत यायचं. शेजारच्या काकूंच्या कानावर हे गेलं तेव्हा मेथी निवडणारा त्यांचा हात जागीच थांबला. "ऐकाले मुंबईले? काहून, इथं कान चालत नाहीत काय त्याचे?"

काकूंना कोण सांगणार, की तिथेही चालत नाहीत! गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरात वर्षानुवर्षे भरत आलेलं पाम एक्स्पो घ्या. तिथे स्टुडिओचे नाजूक हेडफोन असतात, आणि वरातीत छाती हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीही असतात. इकडे एकजण डोळे मिटून गाण्यातला तानपुरा शोधतोय, तिकडे कुठल्याशा तालुक्याचा साउंडवाला नवा बास ठोकून बघतोय. रोग आणि औषध एकाच मांडवात! परदेशातही तेच. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूरला कॅनजॅम नावाचं खास हेडफोनचं प्रदर्शन भरतं. तिथे वरात नाही की डीजे नाही. तरी गलका असतोच, कारण प्रत्येकजण शेजाऱ्याला ओरडून सांगत असतो, की आपल्याला किती बारीक बारीक ऐकू आलं!

आता जरा दार लावून घ्या, पुढचं चारचौघांत बोलण्यासारखं नाही. यातले सगळ्यात खानदानी हेडफोन पाठीमागून उघडे असतात. हो, उघडे! १९६८ मध्ये सेन्हायझरने एचडी ४१४ काढला, तेव्हापासून ही थेरं सुरू झाली. मागे जाळी असल्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, मोकळा वाटतो. पण जाळीतून आतलं गाणं बाहेर जातं, तसा बाहेरचा गलकाही बिनधास्त आत येतो. याच कंपनीच्या एचई-१ या हेडफोनची किंमत सुमारे ५०,००० युरो सांगितली गेली. पायाला संगमरवर, आणि पाठ मात्र उघडीच! युरोला नव्वद रुपये धरले तर झाले ४५ लाख. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने नऊशे क्विंटलांहून जास्त सोयाबीन घालावं लागेल. हमीभाव मिळाला, तर! असली चीज ऐकवायला वेळ ठरवून बंद खोलीत बसवतात. बाकीच्या उघड्या हेडफोनांनी आपली अब्रू गर्दीतच सांभाळायची.

आणि सोवळंओवळं? ते विचारूच नका. कानात घालायच्या इयरफोनची रबरी टोपी सकाळी एकाच्या कानात, दुपारी दुसऱ्याच्या. स्टॉलवाला मधूनमधून पुसतो म्हणे. जाणती माणसं आपल्या मापाच्या टोप्या डबीत घालून सोबत नेतात. हे केवळ स्वच्छतेसाठी नव्हे. टोपी कानात घट्ट बसली नाही तर बास गळून जातो आणि भोवतालचा गोंगाट आत शिरतो. मग बिचाऱ्या इयरफोनला नावं ठेवून माणूस पुढच्या टेबलाकडे जातो. दोष कुणाचा, बदनामी कुणाची!

त्याहून मोठी फसवणूक आवाजाच्या बटणाशी होते. भोवती गलका, म्हणून गडी आवाज वाढवतो. आवाज वाढला की बास भरदार लागतो. आपला कान हळू आवाजात खालचे सूर कमी पकडतो, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. त्यामुळे दोन हेडफोनांत जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि शौकीन गावात येऊन छातीठोक निकाल देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. म्हणजे प्रदर्शनाच्या एका दिवसात आठवड्याचा कोटा फस्त! चांगला आवाज पारखायला गेला आणि कानच गमावून आला, असं व्हायचं.

"मग ते गोंगाट मारणारे घ्या की," असं मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणतो. त्याचीही कुंडली ऐका. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ मध्ये या युक्तीचं अमेरिकन पेटंट मिळालं: येणाऱ्या आवाजाच्या बरोबर उलटी लाट सोडायची, की दोन्ही एकमेकांना खातात. १९७८ मध्ये अमर बोस यांना विमानात हेडफोनवर धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच आकडेमोड मांडली. १९८९ मध्ये त्यांच्या बोस कंपनीचा हेडसेट वैमानिकांच्या डोक्यावर चढला. ही युक्ती एकसुरी, खालच्या घरघरीवर उत्तम चालते: विमान, रेल्वे, एसी. आमच्या रिसोडात ना विमानतळ, ना रेल्वे! इथले आवाज म्हणजे हॉर्न, भाजीवाल्याचा भोंगा, लोणीच्या यात्रेतले कर्णे आणि माणसांचं बोलणं. ही उड्या मारणारी मंडळी उलट्या लाटेला सहजी सापडत नाहीत. डीजेचा बास तर छातीतून आणि हाडांतून शिरतो. २००० सालच्या ध्वनी नियमांत वस्तीसाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण वरातीपुढे नियम वाचून कोण दाखवणार?

मात्र एक शत्रू अस्सल आपला आहे: मे महिन्यातला कूलर. एकसारखा घरघरणारा, विमानाच्या तोडीचा. गिऱ्हाईक मित्राचा हेडफोन चढवून कूलरपुढे बटण दाबतं, घरघर गायब होते, गिऱ्हाईक "आयला!" म्हणतं आणि दुकानात जाऊन पाकीट काढतं. गाणं कसं वाजतं हे विचारायचं राहूनच जातं.

आणि विचारलं तरी ऐकवतो कोण? "डबा फोडला की तुमचा," हा काउंटरवरचा कायदा. सील तोडायचं नाही, कानाला लावायचं नाही. खरी बोंब इथे आहे मंडळी. रिसोडात न ऐकता घ्यावं लागतं, मुंबईत ऐकूनही ऐकू येत नाही. पोट्टी ट्रॅव्हल्स धरतात ती उगीच नव्हे.

जायचंच असेल तर दार उघडताच आत शिरा, गर्दी जमायच्या आधी. आपलं पाठ असलेलं गाणं न्या, दोन्ही हेडफोनांचा आवाज सारखा ठेवा, गोंगाट मारायचं बटण आधी बंद ठेवून ऐका. उघड्या पाठीच्या हेडफोनचा निकाल तिथे देऊच नका. आणि बंद पाठीच्या हेडफोनची परीक्षा घ्यायची तर आमच्या एसटी स्टँडसारखी जागा नाही. जिथे वापरायचा तिथेच पारखायचा. दुकानदारांनी एक नग काउंटरवर मोकळा ठेवला, तर मुंबईचं प्रदर्शन झक मारेल.

हे सगळं काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, "घोरनं बंद होते काय त्याच्यानं?" म्हटलं, घरघर खालच्या सुरातली असेल तर बरीच कमी होते. काकूंनी मेथी बाजूला सारली. "मंग दोन सांग त्या पोराले. एक मले, एक सुनेले. पोरगं बापावरच गेलं हाय."