मौनव्रती यंत्राचा जीर्णोद्धार

नागपूरच्या इतवारीतील भंगाराच्या ढिगातून वर काढलेला, नावाची पाटी गळाल्यामुळे सोनोडाइन की कॉस्मिक हे सांगणे मुश्कील झालेला व सांप्रत मौनव्रत स्वीकारलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर २,००० रुपयांस खरेदी करण्याचा आमच्या स्नेह्यांचा मनसुबा सर्वथैव अभिनंदनीय होय. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते. सबब ४५ अंशांच्या नागपुरी वैशाखात हे यंत्र बंद पडले नसते, तरच त्याच्या अस्सलपणाविषयी संशय घेणे प्राप्त होते. सुट्या भागांसाठी तसाच दुसरा, व त्या दुसऱ्याच्या दुरुस्तीसाठी तिसरा मुडदा हुडकण्याची तजवीजही झाली आहे. (वहिनींची हरकत दफ्तरी दाखल.)

व्यवहार ठरत असता भंगारवाल्याच्या खिशातील मोबाइलवर विविध भारती खणखणीत वाजत होती. किंमत नीट ऐकू येईना म्हणून स्नेह्यांनी ती बंद करावयास लावली.