निरंक

सोमवारी तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती. ४२ वजा १७. सतरंजीवर काड्यांचे चार गठ्ठे, दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत, इथवर वर्गाचं एकमत होतं. पुढे सगळे गप्प. तेवढ्यात जूनपासून मौनव्रत धरलेली एक पोरगी उठली, एका गठ्ठ्याचं रबर काढायला लागली आणि म्हणाली, "गुर्जी, ह्यो सोडू का?"

ह्याच्यासाठी तर माणूस डी.एड. करतो. नेमका खिशातला फोन वाजला. केंद्राचा ग्रुप. 'अतितात्काळ. आजच्या कृतियुक्त अध्यापनाचे दोन फोटो, जिओ टॅगसह, १२ वाजेपर्यंत. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.' शाळा द्विशिक्षकी, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडेच. जबाबदार माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही.

गठ्ठ्याला रबर पुन्हा लावलं. पोरीला म्हटलं, आता तेच कर, फक्त इकडे बघ. पहिल्या फोटोत दुसरीतल्या एकाचं बोट नाकात, दुसऱ्यात गठ्ठा माझ्याच सावलीत. तिसरा झकास आला. सगळे हसतायत आणि मागे फळ्यावर उत्तर लिहिलंय : ३५. ते ना मला दिसलं, ना ग्रुपवर कुणाला. पाच मिनिटांत साहेबांचा अंगठा आला. (आमच्या आजोबांच्या काळी अंगठा देणाऱ्याला साक्षरतेच्या वर्गाला बसवायचे.)

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या २७व्या कलमानं मास्तरला शाळेबाहेरच्या तीनच कामांना जुंपता येतं : जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक. लिंक भरणं त्यात नाही. कारण लिंक शाळेत बसूनच भरायची असते! सरल आहे, यू-डायस आहे, पोषण आहाराचं ॲप आहे. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, आज हजर १९, म्हणजे १ किलो ९०० ग्रॅम. खरं तर वजनाचं गणित पोरांना ह्यातूनच शिकवावं. पण मग त्याचेही फोटो लागतील.

नव्याचं मला वावडं नाही. छडीची शाळा मी खाल्लेली आहे, तिचे गोडवे दुसऱ्या कुणी गावेत. वर्गातला टीव्ही चांगला आहे; वीज असली की पोरं समुद्र बघतात. २०२३ साली पाठ्यपुस्तकांत कोरी पानं आली, दप्तर हलकं व्हावं म्हणून. आमच्या पोरांनी त्यांवर बैल आणि ट्रॅक्टर काढले, चांगले काढले. २०२५मध्ये पानं बंद करायचं ठरलं. त्याआधी २०२२ साली वर्गात गुरुजींचे फोटो लावायची टूम निघाली होती. आमच्याकडे एक मिशीवाला मी आणि एक बाई. पोरांची गल्लत तशी कधी झाली नव्हती.

संध्याकाळी एक्सेल शीट भरायला बसलो. शेवटचा रकाना, 'अध्यापनात आलेल्या अडचणी'. मागं एकदा तिथं खरं लिहिलं होतं : शिकवायला वेळ मिळत नाही. आठवड्याभरात वेळेच्या नियोजनाचं ऑनलाइन प्रशिक्षण लागलं. शाळेच्या वेळेत. फोटोसह अहवाल वेगळा. तेव्हापासून त्या रकान्यात मी 'निरंक' लिहितो आणि घरी जातो.

मंगळवारी फळ्यावरचे ३५ पुसले, पुन्हा चार गठ्ठे मांडले. पोरगी न सांगता उठली. गठ्ठा उचलला, रबरात बोट घातलं आणि थांबली.

"गुर्जी, कुठं बघू?"