बिल आधी, रेंज नंतर

गडचिरोलीत इंटरनेट आता थेट आकाशातून येणार. 5 नोव्हेंबर 2025 ला राज्य सरकारने इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव. जमिनीवर जमलं नाही, ते अंतराळात जमवू!

सही झाली तेव्हा कंपनीला सेवा सुरू करण्याच्या काही परवानग्या अजून मिळायच्याच होत्या. हरकत नाही. फोटोला परवानगी लागत नाही.

पहिला टप्पा 90 दिवसांचा, प्रायोगिक. गडचिरोलीतल्या भामरागडचा पावसाळा चार महिन्यांचा. पर्लकोटा नदी फुगली की पुलावरून पाणी आणि भामरागड जगापासून तुटलेलं. प्रयोगाचे 90 दिवस कोरडे निवडतील की ओले?

पैज लावता?

आणि 91 व्या दिवशी बिल कोण भरणार? आश्रमशाळा, आरोग्य केंद्र की मस्कसाहेब?

तुम्ही म्हणाल, याला चांगलं बघवत नाही. बघवतं हो, पण मागचंही आठवतं. 2011 मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं ठरवलं. 2015 मध्ये योजनेचं ‘भारतनेट’ असं बारसं झालं. राज्यात ‘महानेट’ आलं. 2023 मध्ये सुधारित योजनेला 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले. नावं बदलली, आकडे फुगले. तार मात्र रस्त्याचं काम निघालं की पहिल्या जेसीबीला सापडते.

गाव जोडलं गेलं, हे ठरतं कधी? तार पोचली आणि पंचायतीत पेटी बसली की. पेटीवरचा दिवा लागतोय का, हा वेगळा रकाना.

खासगी भागीदारीचा खेळही खेळून झालाय. जून 2021 मध्ये केंद्राने 16 राज्यांसाठी कंपन्यांना आवतण द्यायचं ठरवलं. तूट भरून द्यायला 19,041 कोटींची तयारी. एकही बोली आली नाही. निविदा गुंडाळली. त्या 16 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण धडा फुकटात मिळाला होता.

कंपन्या येतील कशाला? 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत चौरस किलोमीटरला माणसं 74. कंपनी सागाची झाडं मोजत नाही, सिमकार्डं मोजते.

शहरांत तरी काय मोठे दिवे लागले? फिलाडेल्फियाने अख्ख्या शहराला वायफाय द्यायला अर्थलिंक कंपनीला हाताशी धरलं. 2008 मध्ये कंपनीने हात झटकले. मुंबईत जानेवारी 2017 मध्ये ‘आपले सरकार’चे 500 हॉटस्पॉट वाजतगाजत सुरू झाले.

तुम्ही त्यांना तुमचा फोन शेवटचा कधी जोडला होता?

मेळघाटातलं हरिसाल तर मायक्रोसॉफ्टच्या साथीने ‘डिजिटल गाव’ झालं. 2019 च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत या गावाच्या जाहिरातीतला तरुणच मंचावर उभा केला. जाहिरात आधीच राज्यभर गेली होती. त्या रात्री हरिसालही गेलं.

बरं, गडचिरोलीत काहीच होत नाही, असंही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये एटापल्ली तालुक्यात वांगेतुरीला पोलीस मदत केंद्र उभं राहिलं, 24 तासांत. पोर्टा केबिन, जनरेटर, आरओ प्लांट आणि हो, वायफायसुद्धा.

म्हणजे जमतं. कुणासाठी, एवढाच प्रश्न.

जुलै 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी 85 किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. लोहखनिजाचा गाळ त्यातून सुसाट जातो. जंगल तेच, जिल्हा तोच. केसाएवढ्या काचेच्या तारेलाच ते जंगल आडवं कसं येतं?

माओवाद्यांचं कारणही आता फार दिवस पुरणार नाही. टॉवर जाळले जायचे, खरंय. पण ऑक्टोबर 2025 मध्ये बडा नेता भूपती 60 साथीदारांसह शरण आला. आता नवं कारण शोधा.

सक्तीला मात्र कधी रेंजची वाट बघावी लागत नाही. रोजगार हमीची हजेरी ॲपवर. रेशन अंगठ्यावर. लाडक्या बहिणीची ई-केवायसी ओटीपीवर. रेंजची एक काडी यावी म्हणून टेकडी चढायची, ती बहिणीने. सरकारकडून गाव जोडायचं राहिलं, तर योजनेला मुदतवाढ. बाईकडून आधार जोडायचं राहिलं, तर हप्ता बंद.

या भागीदारीत सरकार आहे, कंपनी आहे. गाव कुठाय? गाव उद्घाटनाला, सतरंजीवर.

खरं तर करारमदारातलं शहाणपण गडचिरोलीतच आहे. मेंढा-लेखा गावाने 2011 मध्ये आपला बांबू आपल्या हक्काने विकला. आज कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदाराशी भाव ठरवतात, आगाऊ रक्कम मागतात. पैसे बुडवून पळालेले ठेकेदारही त्यांनी पाहिलेत. कोणत्या कलमात मेख असते, हे त्यांना मंत्रालयाने शिकवायला नको.

तेव्हा एकच अट घाला. महिनाभर नेट चाललं, असा ग्रामसभेचा ठराव आला, तरच त्या महिन्याचं बिल निघेल. ठराव नाही, पैसा नाही.

मग बघू, सह्या करायला किती पेनं बाहेर निघतात.