हिंगोलीचे डोंगर आणि अडीचशे वॅट

हिंगोली जिल्ह्यात डोंगर आहेत, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटवून देणं अवघड. मराठवाडा म्हणजे सपाट, काळा आणि तहानलेला, एवढंच त्याला ठाऊक. भूगोलाच्या पुस्तकात अजिंठ्याच्या रांगेचा फाटा ‘हिंगोलीचे डोंगर’ म्हणून छापलेला असतो, पण तो परीक्षेपुरता. हिंगोलीहून औंढा नागनाथला सायकलनं निघालं की पुस्तक खरं ठरतं. एसटीच्या खिडकीतून हे चढ दिसत नाहीत. ते फक्त गुडघ्यांना दिसतात. सह्याद्रीवाले याला घाट म्हणणार नाहीत. न म्हणोत. त्यांनी फेब्रुवारीतल्या दुपारी इथं येऊन मग बोलावं.

माझ्याकडे होती विजेची रोड सायकल. वजन पंधरा किलोच्या आत, बॅटरी नळीत लपवलेली, मोटर मागच्या हबमध्ये. लांबून बघणाऱ्याला साधी सायकलच वाटावी, अशी सगळी व्यवस्था. बनवणाऱ्यांनी गिऱ्हाईक नीट ओळखलंय: जोर मोटरचा हवा, कौतुक मात्र पायांचं व्हायला हवं.

प्रल्हादाच्या आईचं नाव मिरवणारी कयाधू नदी मागं पडली आणि एका टपरीवर चहाला थांबलो. बाकड्यावरच्या मामांना ती लपवाछपवी दोन मिनिटंही पुरली नाही.

“चार्जिंगची हाय व्हय?”

“हो.”

“मंग पायडल कामून मारायलाव?”

“मारल्याशिवाय मोटर चालत नाही, मामा. आपण जेवढा जोर लावू, त्या मानानं ती लावते.”

मामा गंभीर झाले. मग किंमत विचारली. मी निम्मीच सांगितली.

“येवढ्यात दोन म्हशी येत्या,” मामा म्हणाले. “अन् त्याह्यला पायडल नाही मारावं लागत.”

यावर कोणत्याही माहितीपत्रकात उत्तर नाही. मी सरकारी नियमाचा आधार घेतला: मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला की नोंदणी नको, लायसन नको. “म्हशीला कुठं लायसन लागतंय?” मामांनी विचारलं. मी चहाचे पैसे दिले.

पुढं चढ लागला आणि हिशेब सुरू झाला. मी, सायकल, बाटली आणि पाठीवरची पिशवी मिळून शंभर किलो. शेकडा आठचा चढ ताशी दहाच्या वेगानं चढायचा तर सव्वादोनशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसाकडून शंभर वॅट निघाले तरी घरच्यांनी पेढे वाटावेत. उरलेले मोटर गुपचूप घालते, इतकं गुपचूप की अर्ध्या चढावर आपण मुळातच पहिलवान होतो असा समज पक्का होतो. मी शीळ घालायला लागलो. तेवढ्यात शेजारून उसाची ट्रॉली गेली. तिची कड एका हातानं धरून एक शाळकरी पोरगं साध्या सायकलवर पाय न हलवता चढत होतं. त्याच्या मोटरला बॅटरी नव्हती, डिझेल होतं, आणि तेही दुसऱ्याचं.

हळदीचा हंगाम. जागोजाग कढया पेटलेल्या, शिजवलेली हळद उन्हात पसरलेली. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. माझ्या मोज्यांना ते त्याच दुपारी मिळालं.

औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्रानं 2023 साली तिला 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि विश्वात कुठं दोन कृष्णविवरं आदळली की प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढी थरथर त्या टिपणार. जागा निवडताना जमीन शांत असणं महत्त्वाचं होतं. शेवटच्या चढावर माझी बॅटरी एका दिव्यावर आली, मी मदत कमी केली आणि जी धाप लागली, ती पाहता प्रयोगशाळा अजून सुरू नाही हे विज्ञानाचं नशीब.

उतारावर वेगळीच गंमत. पंचवीसच्या वर मोटर अंग काढून घेते. म्हणजे चढावर ती माझी, उतारावर मी तिचा, हमालासारखा.

औंढ्याला नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागं जायला सांगितलं, तेव्हा अख्खं देऊळच फिरलं, अशी कथा आहे. दगडाचं एवढं वजन, आणि वॅट शून्य. हेच नरसीचे नामदेव पुढं पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. बॅटरीचा उल्लेख कुठंच नाही.

तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा, रस्त्याकडेच्या हळदीवर चाक घालू नका आणि चार्जर विसरू नका. आणि वाटेत कुणी किंमत विचारली, तर निम्मीही सांगू नका. पाव सांगा.