करडू कुणाचं?

वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा सप्टेंबरात भरते, तेव्हा चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. पाय दुखतोय? मेणाचा पाय घ्या. हाताला हात, घर हवं असेल तर घर, मूल हवं असेल तर बाळ. नवसाला जातधर्म लागत नाही, त्यामुळे गिऱ्हाईकही सगळ्या तऱ्हेचं. मला प्रश्न पडतो तो जमलेलं लग्न बिघडलेल्या माणसाचा. त्याने काय न्यायचं? दुखणं नेमकं कुठल्या अवयवात असतं? मेणाचे कान घ्यावेत, तर स्वतःच्या नावाने की तिकडच्या? आणि कुणी मेणाच्या जिभा विकायला ठेवल्या, तर पहिल्याच दिवशी माल संपेल आणि एकूण एक जीभ दुसऱ्याच्या नावाने वाहिली जाईल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

म्हणून संसाराचं गाऱ्हाणं मेणाऐवजी कागदावर येतं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते, आणि मुंबईतल्या बुधवारच्या गर्दीत तिचाही वाटा असतो. भाविक तिथे मागणीच्या आणि आभाराच्या चिठ्ठ्या टाकतात. नोकरी, व्हिसा, ऑपरेशन, बारावीचा निकाल अशा मागण्यांच्या गर्दीत घरचा मामलाही असतोच. ‘ह्यांची दारू सुटू दे’, ‘सूनबाईंना सुबुद्धी दे’. या जातीच्या अर्जांची एक गंमत आहे. दुरुस्तीला नेहमी दुसरा माणूस पाठवलेला असतो. अर्जदाराची स्वतःची प्रकृती ठणठणीत असते.

बिघडलेल्या संसारासाठी मध्यस्थी करायला कॅथलिकांकडे एक खास संतही आहे, इटलीतल्या कास्सियाची रीता. १४५७ साली ती वारली, १९०० साली संत ठरली. तिची कथा अशी सांगतात, की नवरा महातापट, हात उचलणारा. तिने वर्षानुवर्षं सोसलं, प्रार्थना केली, आणि शेवटी तो निवळला. (निवळल्यावर थोड्याच काळात शत्रूंनी त्याला ठार केलं, हा भाग सांगताना जरा घाईने उरकतात.) रीताबद्दल मला आदर आहे, पण मार खाऊन आलेल्या बाईच्या हातात तिचं चित्र ठेवून घरी पाठवणाऱ्यांबद्दल नाही. चर्चच्याच कायद्यात ११५३ व्या कलमात लिहिलंय, की जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहण्याला ते रास्त कारण आहे. रीताबरोबर हे कलमही सांगावं. आपल्याकडे सरकारी कायदा तर कितीतरी काळ याहून कठोर होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र नुसत्या व्यभिचारावर भागत नसे, जोडीला छळ किंवा टाकून देणं असं काहीतरी दाखवावं लागे. हा भेद जायला २००१ साल उजाडलं. तोवर कितीजणींनी कोर्टाऐवजी रीताकडे तारीख मागितली असेल!

पण नवरा-बायकोच्या भांडणातून निघालेली माझी सर्वांत आवडती प्रार्थना तोबितची. प्रोटेस्टंट बायबलात ‘तोबित’ हे पुस्तक शोधू नका. कॅथलिक बायबलात सापडेल. तोबित निनवे शहरातला, बंदी करून आणलेला, धर्मशील, दानशूर, आणि आपण धर्मशील आहोत याची पक्की खात्री असलेला माणूस. एका रात्री अंगणात भिंतीशी झोपला असताना वर बसलेल्या चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडली आणि तो आंधळा झाला. वैद्य झाले, मलमं झाली, गुण नाही. मग बायको अन्ना लोकांचं विणकाम करून घर चालवू लागली. एकदा मालक तिच्या कामावर खूश झाले आणि त्यांनी मजुरीवर एक करडू बक्षीस दिलं.

करडू घरात येऊन बेंऽऽ करतं. आंधळा तोबित कान टवकारतो. ‘हे कुठून आणलंस? चोरीचं तर नाही ना? ज्याचं त्याला देऊन ये!’ ती सांगते, अहो, बक्षीस मिळालंय. त्याला पटत नाही. तो रागाने लाल होतो. आता ज्या बाईच्या कमाईवर चूल पेटते तिला चोर म्हटल्यावर ती काय करेल? तिने नेमकी दुखरी नस दाबली: कुठे गेले तुमचे ते दानधर्म? कुठे गेलं पुण्य? दिसतंय ना सगळ्यांना!

यावर तोबित रडतो आणि देवाकडे थेट मरण मागतो. एका करडावरून! मला इथे हसू येतं, पण फार वेळ टिकत नाही. माणूस करडासाठी मरायला निघालेला नाही, हे कुणालाही कळतं. हातातलं काम गेलं, डोळे गेले, आणि उरलेला एकच मान बायकोने भर घरात उतरवला.

आणि पुढची रचना बघा. त्याच दिवशी दूर एकबतानात सारा नावाची मुलगीही मरण मागते आहे, कारण तिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच भुताने मारलेत. दोघांचे अर्ज वर एकाच वेळी पोचतात. मरण कुणालाच मिळत नाही. देवदूत राफाएल माणसाच्या वेशात येतो आणि तोबितच्या मुलाला, तोबियाला, प्रवासाला घेऊन जातो. तोबिया साराशी लग्न करतो. पहिल्या रात्री तो तिला म्हणतो, ऊठ, आधी प्रार्थना करू. दोघं मिळून दया मागतात, बरोबर म्हातारं होण्याचं मागतात, ‘आमेन’ म्हणतात आणि झोपतात. ही प्रार्थना कॅथलिक लग्नांत आजही वाचतात. त्याच रात्री सासरेबुवा जावयासाठी कबर खणून तयार होते, आणि दासीने दोघं गाढ झोपल्याचं सांगितल्यावर ती उजाडायच्या आत बुजवून घेतली, हा तपशील मात्र लग्नात कुणी वाचत नाही. वऱ्हाडी मंडळींना तो जास्त आवडला असता.

तोबितकडे परत येऊ. मरण मागितल्यावर आता आपण मरणारच, या हिशेबाने तो मुलाला बोलावून निरवानिरव करतो. काय सांगतो? आईला जप, तू पोटात असताना तिने फार सोसलंय. ती गेली की तिला माझ्या शेजारी, एकाच कबरीत ठेव. ज्या बाईला चोर म्हटलं, तीच शेजारी हवी. माफीचा एक शब्द पुस्तकात नाही.

भांडणही संपलेलं नाही. मुलाला यायला उशीर होतो तेव्हा तोबित म्हणतो, ‘अगं, गप्प राहा, सुखरूप असेल तो.’ अन्ना म्हणते, ‘तुम्हीच गप्प राहा, मला फसवू नका.’ आणि रोज जाऊन वाटेवर डोळे लावून बसते. मुलगा परतला, त्याने प्रवासातून आणलेल्या माशाच्या पित्ताने तोबितला दिसू लागलं, पुढे तो एकशे बारा वर्षांचा होऊन गेला, आणि नंतर अन्नाला सांगितल्याप्रमाणे त्याच्याजवळच पुरलं. करडू मालकाकडे परत गेलं की त्या रात्री घरातच शिजलं, ते मात्र लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही.