उसवण्याचं अर्थशास्त्र

मंदी आल्याचं आमच्या घरात सर्वांत आधी लोकरीच्या पिशवीला कळतं. २००८च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा आईनं फक्त "हे कुठले बंधू?" एवढंच विचारलं होतं. पण जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली डोकावून आला आणि माझ्या कंपनीनं पगारवाढ 'तूर्तास' थांबवली, त्या संध्याकाळी दहा नंबरच्या सुया माळ्यावरून खाली उतरल्या.

"यंदा स्वेटर विकत आणायचे नाहीत," आईनं जाहीर केलं.

त्याआधीच्या कित्येक हिवाळ्यांत आम्ही एकही स्वेटर विकत आणला नव्हता. पुण्याची थंडी सकाळी दूध आणायला जाण्यापुरती असते, आणि दूध बाबा आणतात. तेव्हा ही बचत नेमकी कशातली, हा प्रश्न बाबांनी मनात ठेवला. पण बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या मनात हिशेबाचा प्रश्न फार काळ राहत नाही. त्यांनी वही काढली. लोकर, नवी गोल सुई, बटणं. डावी बाही निम्मी झाली असताना लोकर संपली, त्याचा रिक्षाखर्च. दुकानात रंग त्याच नंबरचा मिळाला, पण लॉट वेगळा, त्यामुळे बाही कोपरापासून किंचित आजारी दिसू लागली. मग दोन्ही बाह्या नव्या रंगात करण्यासाठी आणखी लोकर.

"दर हिवाळ्यात ते तिबेटी लोक रस्त्याच्या कडेला लुधियानाचे स्वेटर विकतात," बाबा म्हणाले. "यापेक्षा स्वस्त पडतात."

"गांधीजींनी काँग्रेसची वर्गणी सुतात घेतली होती," आई उलट टाके मोजत म्हणाली. "त्यांना काय गिरणीचं कापड महाग पडत होतं?"

हे खरं आहे. १९२४च्या बेळगाव अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष असताना चार आण्यांऐवजी महिन्याला २,००० वार सूत अशी वर्गणी ठरली. पण बाबांनी तो ठराव मुळातून वाचलेला. "त्यात एक सवलत होती," ते म्हणाले. "आजारपण किंवा अनिच्छा असेल, तर दुसऱ्यानं कातलेलं सूत दिलं तरी चालायचं. आणि वर्ष उलटायच्या आत चार आणे परत आले. देशात अनिच्छा फार होती."

आईनं उत्तर दिलं नाही. बाबांचा जुना स्वेटर घेतला आणि उसवायला बसली.

विणणं कुणीही शिकतं. कठीण काळातली खरी विद्या उसवण्याची. आधी बाजूच्या शिवणी सोडवायच्या, मग पुढा, पाठ, बाह्या वेगळ्या करून जिथे वीण बंद केली तिथून धागा ओढायचा. कोपराशी लोकर विरलेली असते, तिथे तुटते, गाठ मारायची. निघालेली लोकर नूडल्ससारखी कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करायची, रिठ्याच्या पाण्यातून काढायची आणि दोरीवर टांगून खाली तांब्या अडकवायचा, म्हणजे ती सरळ होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या जूनपासून, ब्रिटनमध्ये कपड्यांबरोबर लोकरही कुपनांवर गेली, तेव्हा तिथल्या बायकांनी घराघरांत हेच केलं.

बाबांच्या त्या स्वेटरमधून माझा बिनबाह्यांचा निघाला. तो घट्ट झाल्यावर पुतणीचा झाला, पुढे एक कानटोपी आणि पायमोज्यांची जोडी. बाजारातल्या स्वस्त स्वेटरचे तुकडे कापून शिवलेले असतात. तो उसवायला गेलं, तर वीतभर धागा निघतो आणि तुटतो. तो खर्च, आईचा स्वेटर म्हणजे मुदत ठेव, मोडली तरी मुद्दल हातात. हा मुद्दा बाबांना पटला. त्यांनी फक्त व्याजाची चौकशी केली.

मग शेजारच्या काकू आल्या. "माझ्या नातवाला एक करून द्याल का? पैसे देईन हो."

बाबांची वही पुन्हा उघडली. रोजची दुपार, रात्रीच्या दोन मालिका, रविवार वेगळा. किमान वेतनाच्या दरानं मजुरी लावली, तर काकूंच्या नातवाचा स्वेटर त्यांच्या सोफ्याच्या किमतीच्या आसपास पोचत होता.

"बघ," बाबा विजयी स्वरात म्हणाले.

"तेच तर," आई म्हणाली. "एवढे पैसे शेजाऱ्यांकडून कसे मागायचे? त्यापेक्षा फुकटच देते."

बातमी सोसायटीत पसरली. डिसेंबरपर्यंत चार घरांची मापं आमच्या फ्रिजवर चिकटली होती. त्या मंदीत आजूबाजूचे धंदे बसले, पण आमचा जोरात चालला. मागणी रोज वाढती, उत्पादन अखंड, उत्पन्न शून्य.

"अशाच कंपन्यांचे शेअर," बाबा म्हणाले, "लोक रांगा लावून घेतात."