छतावर सूर्य, सूर्यावर राख

उन्हाच्या बाबतीत चंद्रपूरकर सात पिढ्यांचा श्रीमंत. मे महिन्यात पारा 47 च्या आसपास गेला की राज्यात पहिला नंबर आपला, आणि बक्षीस म्हणून कूलरचे बिल. त्यामुळे 13 फेब्रुवारी 2024 ला ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आली तेव्हा वाटले, आजवरच्या भाजणीची भरपाई मिळणार. छतावरच्या तीन किलोवॅट सोलरला 78 हजारांचे अनुदान! गावभर गच्च्यांची मापे सुरू झाली.

मग कळले की पॅनेलला ऊन आवडते, ताप सोसत नाही. पॅनेल 25 अंशांच्या वर तापले की वीज घटत जाते. म्हणजे ऊन फार आहे म्हणून सोलर बसवा, आणि ऊन फार आहे म्हणून वीज जरा कमी घ्या.

तेही चालले असते. पण आपल्या उन्हाला राखेचा पदर आहे. महानिर्मितीचे सर्वांत मोठे, 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आपल्या उशाला. तिथली वीज पश्चिमेला न्यायला चंद्रपूर ते पडघे अशी साडेसातशे किलोमीटरची लाईन टाकली, 1999 पासून ती चालू आहे. राखेसाठी तशी लाईन टाकायचे मात्र राहून गेले. राख मुक्कामाला इथेच, पूर्वी वाळवणावर, आता पॅनेलवर. सकाळी सडा टाकून झाला की पॅनेल पुसायचे, ही घरातल्या बाईच्या कामात नवी भर. पाणी इरई धरणाचे. त्याच धरणावर थर्मलही तहान भागवते.

गडचिरोलीची गंमत याहून खोल. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, लाईनही जाते. अशा वेळी छतावरचा सूर्य कामी येईल, असे भोळ्या माणसाला वाटते. येत नाही. महावितरणची लाईन गेली की ग्रिडला जोडलेले सोलरही आपोआप बंद पडते. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून हा नियम, आणि तो योग्यच आहे. फक्त त्या खांबापर्यंत वायरमन पोचायला आधी पूर उतरावा लागतो. तोवर वर लख्ख ऊन, खाली मेणबत्ती. बॅटरी लावा म्हणतात, पण तिच्यासाठी वेगळे अनुदान नाही. आणि ज्याच्या घरावर स्लॅबच नाही, कौले आहेत आणि वर मोहाची सावली, त्याने अर्ज करण्याआधी झाड तोडायचे की घर?

एक फायदा मान्य करू. राखेची तक्रार केली की पूर्वी साहेब पुरावा मागत. आता पॅनेल पुसायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा मोबाईलवर दिसतो. राख युनिटमध्ये मोजता येऊ लागली, ही या योजनेने चंद्रपूरला दिलेली सर्वांत मोठी देणगी.

तेव्हा नम्र विनंती एवढीच की राखेपायी बुडालेली युनिटे आमच्या बिलातून वजा करावीत. राख महानिर्मिती काढते, बिल महावितरण काढते. दोघी एकाच वीज मंडळाच्या लेकी, 2005 साली वेगळ्या निघालेल्या. हिशोब घरातल्या घरात मिटेल.